डीएलएल फाईल सापडत नाही म्हणतोय संगणक. फॉरमॅट न मारता काही होईल का?

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे, २०१६ साली घेतलेला. विंडोज १०, ६४ बिट, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. यावर मी तीन टॉवेल कारखान्यांचे हिशेब घरून बघते आणि उरलेल्या वेळात चिरंजीव गेम खेळतो. (तो म्हणेल उलटं आहे.)

काल सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला गेले तर पाटी आली, ‘व्हीसीरनटाईम१४०.डीएलएल’ सापडत नाही, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करा. केला. तीच पाटी. मग चिरंजीवांनी नेटवरून ती एवढी एक फाईल शोधून काढली आणि ‘सिस्टीम३२’ फोल्डरमध्ये नेऊन टाकली. आता पाटी बदलली आहे, एवढीच प्रगती. ‘ॲप्लिकेशन नीट सुरू होऊ शकलं नाही, ०एक्ससी०००००७बी.’

नवी पेठेतल्या एका दुकानात फोन केला. मशीन न बघता फोनवरच निदान झालं: "फॉरमॅट मारावा लागेल, सहाशे रुपये, डेटाची गॅरंटी नाही." या महिन्याची जीएसटीची आर-१ कशीबशी यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बसून पार पाडली, पण वीस तारखेला ३बी (तेही जीएसटीचंच विवरणपत्र) आहे आणि मध्ये गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. घरी पाहुणे येणार. फॉरमॅट सोडून काही उपाय असेल तर सांगा.

बेधडक_सोलापुरी | शनिवार, रात्री ९:५२

ती फाईल कुठनं उतरवली? डीएलएल फुकट वाटणाऱ्या साइटवरनं ना? पहिलं ती काढ बे तिथनं! (ताई, तुम्हाला नाही, चिरंजीवाला म्हणतोय.)

कुर्डुवाडी_जंक्शन | शनिवार, रात्री १०:२५

बेधडकशी सहमत. ताई, घाबरू नका, फॉरमॅटची वेळ आलेली नाही. आधी झालंय काय ते सांगतो.

ही फाईल मुळात विंडोजची स्वतःची नाही. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले प्रोग्राम चालायला जी सामायिक शिदोरी लागते तिच्यातला हा एक डबा. १४० म्हणजे आवृत्ती १४.०. मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाचं पॅकेज असतं, ते टाकलं की ही फाईल आणि तिची भावंडं (एमएसव्हीसीपी१४० वगैरे) आपापल्या जागी जाऊन बसतात. २०१५ पासून पुढच्या आवृत्त्यांना एकच पॅकेज चालतं.

आता चिरंजीवांचा पराक्रम. ६४ बिट विंडोजमध्ये दोन फोल्डर असतात, ‘सिस्टीम३२’ आणि ‘सिसवाव६४’. नाव वाचून वाटतं पहिल्यात ३२ बिटच्या फाईली आणि दुसऱ्यात ६४ च्या. आहे बरोब्बर उलटं. सिस्टीम३२ मध्ये ६४ बिटचा माल आणि सिसवाव६४ मध्ये ३२ बिटचा. त्यातला ‘वाव’ म्हणजे ‘विंडोज ऑन विंडोज’, नव्या विंडोजच्या पोटात जुनं विंडोज. त्यांनी बहुतेक ३२ बिटची फाईल उचलून ६४ च्या घरात ठेवली. तुमची ती नवी पाटी जवळजवळ नेहमी हेच सांगत असते, की ३२ आणि ६४ ची भेसळ झाली आहे.

तर क्रम असा: टाकलेली फाईल काढून टाका. मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून ते पॅकेज उतरवा, दोन्ही, एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं). मशीन ६४ बिटचं असलं तरी हिशेबाची बरीच सॉफ्टवेअरं अजून ३२ बिटची असतात, म्हणून दोन्ही. आधीपासून बसलेलं असेल तर ‘रिपेअर’ असा पर्याय येतो, तो दाबा. मग रीस्टार्ट. आणि एकदा अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन करा, कारण त्या साइटवरून फाईलबरोबर आणखी कोण घरात शिरलंय ते आपल्याला माहीत नाही.

निवृत्त_कारकून | शनिवार, रात्री ११:०५

आमच्या वेळी एक्सपीमध्ये फाईल उडाली की मशीन सरळ सीडी मागायचं. सीडी घातली की ‘आय३८६’ फोल्डरमधून फाईल उचलायचं आणि काम संपलं. ती सीडी मी पासबुकांच्या कप्प्यात ठेवत असे. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ ही काळ्या पडद्यावरची ओळ आठवते का कुणाला? आमच्या कार्यालयात ती आली की साहेब अर्धी रजा टाकायचे.

बेधडक_सोलापुरी | शनिवार, रात्री ११:११

काका, त्या ओळीचं अर्ध्या वेळेला कारण एवढंच असायचं की कुणीतरी फ्लॉपी नाहीतर पेनड्राईव्ह लावून तसंच ठेवलेलं. साहेबांना माहीत असणार.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ११:३०

झालं! सॉफ्टवेअर उघडलं, डेटा सगळा जागेवर. कुर्डुवाडीकर दादा, सोलापूरला याल तेव्हा कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही, हे माझ्याकडून नक्की. दुकानदाराचे सहाशे वाचले. चिरंजीवांना सिस्टीम३२ ची शपथ घातली आहे.

विजापूररोड | रविवार, दुपारी १:१५

अभिनंदन ताई. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. फाईल परवापर्यंत होती ना? मग ती गेली कुठे? डीएलएल आपल्या पायाने चालत जात नाही.

बेधडक_सोलापुरी | रविवार, दुपारी १:३०

अँटीव्हायरसनं उचलली असेल की. क्वारंटाईनची यादी बघा, चांगल्या चांगल्या फाईली तुरुंगात बसलेल्या असतात. नाहीतर एखादा गेम काढून टाकताना बरोबर घेऊन गेला असेल.

शेंगाचटणी | रविवार, दुपारी २:०२

क्वारंटाईन रिकामं आहे. गेमही काढलेला नाही. जाऊ दे, चालतंय ना.

शेंगाचटणी | सोमवार, संध्याकाळी ७:२०

चालत नाहीये.

आज बिलं छापायला घेतली तर प्रिंटर यादीतूनच नाहीसा. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा) सुरू केला की दोन मिनिटांत आपोआप बंद. सेटिंग्जची खिडकी उघडते आणि मिटते. आता ही कुठली फाईल गेली? आणि हीसुद्धा कुठून उतरवायची?

कुर्डुवाडी_जंक्शन | सोमवार, रात्री ८:१०

उतरवायची नाही. स्पूलर आणि सेटिंग्ज विंडोजचे स्वतःचे आहेत, त्यांची जोडप्रत विंडोजकडेच असते. ‘विनएसएक्सएस’ नावाचा एक भलामोठा फोल्डर विंडोजच्या पोटात असतो, त्याला कोठीघर समजा. (जागा खातो म्हणून तो डिलीट करणारे शूर वीर मी पाहिले आहेत. करू नका.) ‘सिस्टीम फाईल चेकर’ (एसएफसी) हे साधन प्रत्येक संरक्षित फाईल तपासतं आणि बिघडलेली दिसली की कोठीघरातून चांगली प्रत आणून बसवतं. पण कोठीघरातलीच प्रत सडली असेल तर? त्यासाठी दुसरं साधन, ‘डिसम’. ते कोठीघर दुरुस्त करतं आणि लागणारा माल विंडोज अपडेटमधून, म्हणजे थेट मायक्रोसॉफ्टकडून आणतं. म्हणून नेट चालू हवं. आणि म्हणूनच आधी डिसम, मग एसएफसी.

स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, उजवी टिचकी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. कमांड मी उच्चारानुसार लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टंका:

डिसम /ऑनलाईन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक जागा सोडायची, रेघेनंतर नाही. क्लीनअप आणि इमेजमध्ये आडवी रेघ. जागा चुकली की ‘एरर ८७’ येतो, त्याला घाबरायचं नाही, परत नीट टंकायचं. हे संपल्यावर:

एसएफसी /स्कॅननाऊ

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९:३५

दादा, पहिली कमांड ६२.३ टक्क्यांवर येऊन बसली आहे. पाऊण तास झाला. बंद करून परत करू का?

कुर्डुवाडी_जंक्शन | सोमवार, रात्री ९:४१

नका हो. ६२.३ ला ती भल्याभल्यांच्या मशीनवर थांबते. हुतात्मा एक्सप्रेस आमच्या कुर्डुवाडीला थांबली म्हणून कुणी उतरून रुळावरून चालायला लागतं का? जेवून घ्या.

विजापूररोड | सोमवार, रात्री ९:५०

तोवर माझा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी माझ्याकडे एसएफसी दर वेळी म्हणायचं, बिघडलेल्या फाईली सापडल्या आणि दुरुस्त केल्या. आनंदी आनंद. दुसऱ्या दिवशी परत चालवलं की परत नव्या फाईली बिघडलेल्या. आठवडाभर हा खेळ. शेवटी निघाली रॅम खराब. फाईल डिस्कवर ठणठणीत असायची, पण वाचताना-लिहिताना रॅममधून जाताना एखादा बिट उलटायचा. मेमटेस्ट८६ पेनड्राईव्हवर घालून रात्रभर लावलं तर सकाळी पडदा लालेलाल. दोन काड्या होत्या, एकेक काढून तपासली, एक काढून टाकली, त्यानंतर आजतागायत काही नाही. त्याआधी काडीचे सोनेरी पाय पोराच्या खोडरबराने पुसून बघितले होते. कित्येकदा तेवढ्याने भागतं, माझं भागलं नाही.

निवृत्त_कारकून | सोमवार, रात्री १०:०५

हे एसएफसी दर रविवारी चालवत जावं का? म्हणजे आजार व्हायच्या आधीच.

कुर्डुवाडी_जंक्शन | सोमवार, रात्री १०:०९

नको काका. ते ऑपरेशन आहे, च्यवनप्राश नाही.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ११:४८

डिसमचा निकाल: ‘एरर १११७’, काहीतरी आय-ओ डिव्हाइस एरर.
एसएफसीचा निकाल: बिघडलेल्या फाईली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत.

सासूबाई विचारतायत, एवढ्या रात्री त्या डब्यापुढे बसून काय चाललंय. मला पण तोच प्रश्न पडलाय.

जकार्डमास्तर | मंगळवार, सकाळी ६:५५

मी संगणकातला माणूस नाही, चादरीतला आहे. अशोक चौकात चाळीस वर्षं जकार्डच्या मागावर काढली. आता मुलाच्या आग्रहाने इथे वाचत असतो. पण कुर्डुवाडीकरांनी लिहिलेलं वाचलं आणि म्हटलं, अरे हे तर आपलंच काम.

जकार्डच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. चादरीवर मोर येतो तो त्या भोकांतून. आता यातलं एक कार्ड फाटलं तर काय होतं? प्रत्येक मोराची मान त्याच जागी तुटते. मग मूळ संचावरून तेवढं एक कार्ड नव्याने पंच करायचं आणि माळेत ओवायचं. हे तुमचं ते एसएफसी. मूळ संचच उंदराने खाल्ला असेल तर डिझाईनवाल्याकडून परत आणायचा, हे तुमचं दुसरं.

पण एक तिसरा प्रकार असायचा. कार्ड कोरं करकरीत, संच बरोबर, तरी मान तुटकी. नवा पोरगा असेल तर कार्डामागून कार्ड बदलत बसायचा, अख्खी पाळी घालवायचा. जुना माणूस शिडी लावून वर चढायचा. वर हूक वाकलेला असायचा.

ताई, तुमच्या मशीनचा हूक बघितला का कुणी?

विजापूररोड | मंगळवार, सकाळी ८:२०

आप्पा, _/\_

कुर्डुवाडी_जंक्शन | मंगळवार, सकाळी ८:४५

आप्पांनी माझा कान धरला, बरोबर धरला. १११७ ही फाईल बिघडल्याची तक्रारच नाही. ‘डिस्ककडे वाचायला मागतोय, डिस्क देत नाही’ अशी ती तक्रार आहे. मी कार्डं बदलत बसलो होतो.

ताई, तीन गोष्टी बघून सांगा. एक, मशीन सुरू व्हायला किती वेळ लागतो? दोन, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथे लाल खुणांमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद आहे का? तीन, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते टाकून डिस्कची तब्येत काय दाखवतं ते लिहा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या.

निवृत्त_कारकून | मंगळवार, सकाळी ९:१०

मग चेकडिस्क लावा की. चेकडिस्क, स्लॅश एफ, स्लॅश आर. रात्री लावून झोपायचं, सकाळी सगळे बॅड सेक्टर बाजूला. आम्ही हेच करत आलो.

कुर्डुवाडी_जंक्शन | मंगळवार, सकाळी ९:१४

काका, थांबा थांबा! ताई, हे आत्ता अजिबात करू नका. स्लॅश आर म्हणजे डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायचा. मरायला टेकलेल्या डिस्कला हा म्हणजे सिंहगड चढायला लावल्यासारखा प्रकार. वर पोचायच्या आधीच जीव जायचा. शिवाय वाचता न आलेल्या ठिकाणच्या फाईलींचे ते तुकडे करून टाकतं. आधी डेटा बाहेर, मग काय ते प्रयोग. धडधाकट डिस्कवर अचानक वीज गेल्यावर चेकडिस्क उत्तम, त्याबद्दल वाद नाही.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी ३:३०

१) सुरू व्हायला अकरा मिनिटं. मला वाटायचं जुनं झालंय म्हणून. सकाळी बटण दाबून मी कुकर लावते, तीन शिट्ट्या होतात, मग डेस्कटॉप येतो. हे दिवाळीपासून आहे. सांगायला हवं होतं का?

२) ७ क्रमांकाच्या नोंदी आहेत. मोजल्या नाहीत, खाली सरकवत गेले, बोट दुखलं. ‘डिव्हाइसला बॅड ब्लॉक आहे’ असं लिहिलंय. मधेमधे ४१ क्रमांकाच्याही आहेत, कर्नल पॉवर.

३) वर पिवळी चौकट, ‘कॉशन’. ०५ च्या ओळीत शेवटी २एफ. सी५ च्या ओळीत शेवटी बी८. सी६ मध्येही बी८. हे बी८ म्हणजे काय, बससारखा नंबर?

कुर्डुवाडी_जंक्शन | मंगळवार, दुपारी ४:०५

हे आकडे षोडशमान पद्धतीत आहेत. २एफ म्हणजे ४७, बी८ म्हणजे १८४. डिस्कने ४७ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आधीच बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले आहेत आणि १८४ सेक्टर असे आहेत की ते तिला धड वाचता येत नाहीत. तुमची डीएलएल अशाच एखाद्या खड्ड्यात पडली होती. पॅकेज पुन्हा टाकलं तेव्हा नवी प्रत दुसऱ्या चांगल्या जागी लिहिली गेली, म्हणून आपल्याला वाटलं जिंकलो. मग स्पूलर खड्ड्यात गेला. उद्या तुमचा हिशेब जाईल.

कुकरच्या शिट्ट्या पहिल्या पोस्टमध्ये असत्या तर मी शनिवारीच इथे आलो असतो. पण चूक माझी, मी विचारलं नाही.

४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता एकदम गेलं. लाईट जाते का? यूपीएस आहे?

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी ४:२०

यूपीएस आहे. बॅटरी गेलेली आहे. म्हणजे यूपीएस हा सध्या एक जड स्विचबोर्ड आहे. आणि लाईट गेली नाही तरी उन्हाळ्यात दुपारी मशीन आपोआप बंद पडायचं.

जकार्डमास्तर | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

घराजवळ माग आहेत का, ताई? आमच्याकडे मुलाचं मशीन असंच बंद पडायचं. झाकण उघडलं तर आत पंखा दिसेना. मागावरचं सूत उडतं ते सगळं तिथे जाऊन बसलेलं, पंख्याच्या खालच्या पन्हाळ्यांवर गादीसारखा थर. चिमट्याने धरला तर अखंड निघाला, पापडासारखा. त्याच्यावर उमटलेल्या रेघासुद्धा दिसत होत्या.

शेंगाचटणी | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

आप्पा, भिंतीपलीकडे सहा माग आहेत.

लिनक्सवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:००

लिनक्स टाका, सगळे प्रश्न मिटतील.

बेधडक_सोलापुरी | मंगळवार, संध्याकाळी ६:०३

आला! डिस्क मेलीय मालक, लिनक्स काय हवेत टाकायचा?

लिनक्सवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

डेटा काढायला म्हणतोय हो. पेनड्राईव्हवरून मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) सुरू करायचं, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं ‘ट्राय’. म्हणजे आजारी डिस्कवर विंडोज चालवायचा भार पडत नाही आणि फाईली निवांत उचलता येतात. विंडोज सुरूच होत नसेल त्यांना तर हाच रस्ता. घरात लॅपटॉप आहे म्हणालात, पेनड्राईव्ह त्यावर तयार होईल.

कुर्डुवाडी_जंक्शन | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

लिनक्सवाल्यांचं म्हणणं इथे योग्य आहे. पण ताईंचं विंडोज अजून उघडतंय आणि डेटा थोडका दिसतोय. एक्स्टर्नल डिस्क असेल तर विंडोजमधूनच उरका. आधी हिशेबाचा फोल्डर, मग कागदपत्रं, मग फोटो, सिनेमे सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. आणि माउसने ओढून कॉपी करू नका, एका खराब फाईलपाशी सगळी गाडी अडते. ‘रोबोकॉपी’ वापरा: रोबोकॉपी, कुठून, कुठे, मग /इ /आर:१ /डब्ल्यू:१. शेवटचे दोन विसरलात तर घोटाळा. न वाचता येणारी फाईल ते मुळात दहा लाख वेळा वाचून बघतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. लिहिणाऱ्याचा चिवटपणा मानला पाहिजे, पण आपल्याला तेवढं आयुष्य नाही.

हुरडापार्टी | मंगळवार, रात्री ८:३०

मधेच घुसतोय, माफी. माझी डिस्क ठीक आहे (वरचं वाचून तपासली, निळं ‘गुड’), पण डिसम म्हणतं ०एक्स८००एफ०८१एफ, सोर्स फाईल सापडत नाहीत. नेट चालू आहे. मी काय करू? विंडोज ११ आहे.

कुर्डुवाडी_जंक्शन | मंगळवार, रात्री ८:५५

माल द्यायला कुणी नाही असा त्याचा अर्थ. तुमच्या आवृत्तीची आयएसओ फाईल (अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाईलीत) मायक्रोसॉफ्टकडून उतरवा. पण मग डिसमला त्या आयएसओतली इन्स्टॉल.विम दाखवत बसण्यापेक्षा मी सरळ दुरुस्ती-इन्स्टॉल करतो. आयएसओवर दोनदा टिचकी, आत सेटअप, आणि ‘फाईली व ॲप्स ठेवा’ हा पर्याय. तास-दीड तासात विंडोज नवं, तुमचं सामान जागच्या जागी. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये ‘विंडोज अपडेट वापरून अडचणी सोडवा’ असं बटणच आहे, आयएसओचीही गरज नाही. लॅपटॉप असेल तर त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. कागदावर, त्याच लॅपटॉपवर नाही!

एक मात्र: कुणीतरी काटछाट करून दिलेलं ‘लाईट’ विंडोज असेल तर यातलं काही चालायचं नाही. त्यात कोठीघरच उपसून टाकलेलं असतं.

हुरडापार्टी | मंगळवार, रात्री ९:०१

...लाईट आहे. मित्राने दिलं होतं.

बेधडक_सोलापुरी | मंगळवार, रात्री ९:०२

मग मित्राला हुरड्याला बोलवू नको बे.

शेंगाचटणी | गुरुवार, रात्री १०:१५

दोन दिवस गायब होते, पाहुणे होते. नंदीध्वजांची मिरवणूक, गड्डा, पोरांचे पाळणे, सगळं झालं. मागच्या खोलीत रोबोकॉपी चालू होतं. दर अर्ध्या तासाने मी पोळपाट सोडून बघायला जायची, आणि पाहुण्यांना वाटायचं आत बाळ झोपलंय.

हिशेब तिन्ही पार्ट्यांचे पूर्ण निघाले, यांच्या लॅपटॉपवर उघडून ताळेबंद जुळवून बघितला. फोटोंमध्ये बारशाचे तीन उघडत नाहीत, अर्धा फोटो आणि खाली करडी पट्टी. त्यातला एक आत्याबाईंकडे कागदावर आहे, तो मोबाईलने काढून घेईन.

डिस्क मधूनच ‘टिक... टिक... टिक’ असा आवाज करायला लागली होती. शेवटचा सिनेमांचा फोल्डर सोडून दिला. चिरंजीव दुःखात आहेत.

आता २५६ जीबीची साटा एसएसडी आणली आहे. विंडोज १० च घालू ना? मशीन ११ ला नाही म्हणतंय. आणि लायसन्सचं काय, त्याची की कुठे लिहून ठेवलेली नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन | गुरुवार, रात्री १०:४०

डेटा निघाला, बाकी गौण. की लागणार नाही. तुमचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असणार. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा, तीच आवृत्ती निवडा, नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होईल. पेनड्राईव्ह लॅपटॉपवर मीडिया क्रिएशन टूलने बनवा. आणि इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज अर्धा संसार तिकडे थाटतं.

२०१६ चं मशीन असेल तर ११ अधिकृतपणे बसणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केलेली आहेत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच नावनोंदणी दिसते. ती करून घ्या, हिशेबाचं मशीन आहे. तोवर नव्या मशीनला पैसे साठवा.

निवृत्त_कारकून | शुक्रवार, सकाळी ७:३०

वरचं सगळं वाचून मी माझ्या मशीनवर क्रिस्टल टाकलं. निळं आहे. पण ‘पॉवर ऑन अवर्स’ ४१ हजार दाखवतंय. सौ. म्हणाली, एवढा वेळ तुम्ही माझ्याशी बोलला असता तर.

शेंगाचटणी | रविवार, दुपारी १२:१०

मशीन सुरू व्हायला वीस सेकंद. कुकरचं वेळापत्रक बिघडलं आहे.

झाकण उघडलं होतं तेव्हा आप्पांचा पापडही निघाला, अगदी वर्णन केल्यासारखा, करड्या रंगाचा, वर पंख्याच्या पात्यांच्या रेघा. सासूबाईंनी हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाल्या, हे आपलं वीस नंबरचं सूत. त्यांनीही बावीस वर्षं मागावर काढली आहेत. यूपीएसची बॅटरी बदलली. ३बी दोन झाल्या, तिसऱ्या पार्टीची बिलंच अजून आली नाहीत, त्याला डीएलएल जबाबदार नाही.

जुन्या डिस्कचं काय करतात? भंगारात दिली तर त्यात पार्ट्यांचे हिशेब.

लिनक्सवाला | रविवार, दुपारी १२:३०

खोलून तबकड्या फोडा. वरचे स्क्रू तारेच्या आकाराचे असतात, साधा पेचकस लागत नाही, टॉर्क्स लागतो. तबकडी काचेची असू शकते, फडक्यात गुंडाळून फोडा, तुकडे उडतात.

बेधडक_सोलापुरी | रविवार, दुपारी १२:४१

आतले चुंबक मात्र टाकू नका. लई भारी असतात. पण जपून, दोन एकमेकांजवळ आणले की मधे बोट सापडतं.

शेंगाचटणी | रविवार, संध्याकाळी ६:०५

एक फ्रीजवर लावलाय, त्याखाली गॅसची पावती. दुसरा चिरंजीवांनी त्याच्याजवळ नेला.

सापडलं.